भारतीय हॉकी संघाची निवड: कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

कोल्हापूर फुटबॉलचं गाव. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची मॅच असली की पेठा ओस पडतात आणि हॉकीची आठवण ऑलिंपिक आलं की होते. तरी पॅरिसच्या पदकानंतर आमच्याकडे प्रश्न यायचे थांबलेले नाहीत. बहुतेकांचा रोख एकच असतो: अमक्याला का घेतलं, तमक्याला का वगळलं? सारखे येणारे प्रश्न इथे एका जागी घेतले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. मजकूर २०२५ अखेरपर्यंतच्या सामन्यांवर आहे. मतं एका प्रेक्षकाची आहेत, पटली नाहीत तर भांडायला या.

१. संघात नेमके किती खेळाडू असतात? कुणी ११ म्हणतं, कुणी १६, कुणी १८.

तिन्ही बरोबर आहेत. मैदानावर एका वेळी गोलकीपर धरून ११. ऑलिंपिकचा संघ १६ जणांचा. २०२३ चा विश्वचषक, हांगझूचं एशियाड आणि २०२५ चा आशिया चषक इथे आपले १८ होते. दोन जणांचा फरक किरकोळ वाटतो, पण निम्मी भांडणं याच दोन जागांवरून होतात. १८ मध्ये दुसरा गोलकीपर बसतो, पेनल्टी कॉर्नर (समोरच्यांच्या चुकीवर मिळणारी गोल मारायची संधी) मारणारा एखादा जास्तीचा माणूसही बसतो. १६ मध्ये दोघांवर गदा येते (प्रश्न ६ आणि ८ पाहा).

पॅरिसला आपण १ गोलकीपर, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीतले आणि ५ आघाडीवीर नेले होते. कृष्ण बहादूर पाठक, जुगराज सिंग आणि नीलकांत शर्मा हे तिघे राखीव होते.

२. फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला परत येत नाही. हॉकीत तोच खेळाडू दहादा आतबाहेर कसा करतो?

हॉकीत बदलाला मर्यादा नाही आणि त्यासाठी खेळ थांबवायचीही गरज नाही. एक जण बाहेर आला की दुसरा आत. आघाडीवीर जीव खाऊन पळतो, काही मिनिटांत दमतो, बाकावर बसतो, दम घेऊन परत येतो. म्हणूनच 'सुरुवातीच्या अकरात नव्हता म्हणजे त्याला डावललं' ही फुटबॉलची ओरड इथे लागू होत नाही. सुरुवात कोण करतो याला फारसा अर्थ नाही, शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर कोण आहे ते बघायचं.

एक अपवाद आहे. पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो संपेपर्यंत बदल करता येत नाही. बचाव करणाऱ्या संघाचा गोलकीपर जखमी किंवा निलंबित झाला तरच सूट मिळते. म्हणजे कॉर्नर मिळाला तेव्हा आपला फ्लिकर (कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात फेकणारा) बाकावर पाणी पीत बसला असेल, तर तो तिथेच बसणार. असं झालेलं तुम्ही पाहिलं असेल, तेव्हा प्रशिक्षकाला शिव्याही घातल्या असतील.

३. संघ निवडतं कोण? प्रशिक्षक की कमिटी?

हॉकी इंडियाची निवड समिती आणि मुख्य प्रशिक्षक मिळून. आधी मोठा गट बेंगळुरूच्या साई केंद्रातल्या शिबिरात महिनोन् महिने सराव करतो आणि अंतिम नावं त्यातून निघतात. या शिबिरात यायची वाट राष्ट्रीय स्पर्धा, ज्युनियर संघ आणि रेल्वे, पेट्रोलियम, सेनादल यांसारखे विभागीय संघ यांतून जाते. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाल्यापासून तीही एक खिडकी आहे. लीगमध्ये चार चांगले गोल मारले म्हणजे निवड झालीच असं मात्र नाही. शिबिरातले आकडे, कोण किती पळतो, किती चेंडू हिसकावतो, हे आपल्याला टीव्हीवर दिसत नाही.

४. क्रेग फुल्टन आल्यापासून संघ बचावालाच का चिकटलाय? आपली हॉकी म्हणजे ड्रिब्लिंग ना?

फुल्टन दक्षिण आफ्रिकेचे. आपल्याकडे २०२३ मध्ये आले. त्याआधी ते बेल्जियमच्या प्रशिक्षक मंडळात होते आणि त्या बेल्जियमने टोकियोत सुवर्ण जिंकलं. बचाव पक्का करून जिंकायचं, हे त्यांचं सूत्र त्यांनी लपवलेलं नाही. याचा निवडीवर थेट परिणाम होतो. नुसता डीमध्ये (गोलासमोरच्या अर्धवर्तुळात) उभा राहून गोल टिपणारा आघाडीवीर त्यांना नको असतो. चेंडू गेल्यावर मागे धावून पहिला टॅकल करणारा हवा असतो. अभिषेक आणि सुखजीत सिंग यांच्यावर त्यांचा इतका विश्वास का, हे गोलांच्या यादीतून कळणार नाही. चेंडू समोरच्यांकडे असतानाची पाच मिनिटं बघा, मग कळेल.

ड्रिब्लिंगची हौस मलाही आहे. पण जुन्या पद्धतीने खेळून आपण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला पात्रसुद्धा ठरलो नव्हतो आणि २०१२ ला लंडनमध्ये बारा संघांत बारावे आलो होतो. तेव्हा तक्रार जरा आवरती घेतलेली बरी.

५. नाव मोठं, फॉर्म नाही, तरी सीनियरना घेतात. नव्या पोरांवर अन्याय नाही का?

हा प्रश्न बहुतेक वेळा मनप्रीत सिंग किंवा मनदीप सिंगचं नाव घेऊन येतो. माझं उत्तर असं की खेळाडूचं नाव झाकून त्याचं काम बघा. १६ जणांत प्रत्येकाला दोन कामं यायला लागतात. ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात आपण दहा जणांवर आलो (प्रश्न १० पाहा), तेव्हा मधल्या फळीतला मनप्रीत मागे बचावात गेला आणि तिथेच ठाण मांडून राहिला. चार ऑलिंपिक खेळलेला, टोकियोत कर्णधार असलेला माणूस कुठे कामाला येतो ते त्या दिवशी दिसलं. एकवीस वर्षांच्या चपळ पोराला ते जमलं असतं का? जमलंही असतं. पण प्रशिक्षकाला 'असतं'वर संघ निवडता येत नाही.

अन्याय होतच नाही असं माझं म्हणणं नाही. आघाडीच्या फळीत आपण बदल फार सावकाश करतो. दिलप्रीत सिंग टोकियोला होता, पॅरिसला नव्हता. २०२५ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध त्यानेच दोन गोल केले.

६. ऑलिंपिकला एकच गोलकीपर? तो जखमी झाला तर काय करायचं?

हा जुगार आहे आणि तो सगळेच खेळतात. १६ मध्ये दुसरा गोलकीपर नेला तर मैदानी खेळाडू १४ राहतात. प्रश्न २ मध्ये सांगितलेली आतबाहेर पद्धत मग लंगडी पडते, कारण दर एक-दोन दिवसांनी सामना असतो. म्हणून पॅरिसच्या १६ मध्ये फक्त पी. आर. श्रीजेश होता आणि पाठक राखीव. दुखापत झाली तर राखीवाला संघात घेता येतं, पण ते दोन सामन्यांच्या मध्ये. चालू सामन्यात गोलकीपर पडला आणि दुसरा नसला, तर मैदानी खेळाडूलाच पॅड चढवावे लागतात, नाहीतर गोलकीपरशिवाय अकरा मैदानी खेळाडू खेळवावे लागतात. दोन्ही विचारांनी पोटात गोळा येतो.

पाठकचं मला खरोखर वाईट वाटतं. दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर म्हणून वर्षानुवर्षं उत्तम खेळायचं आणि ऑलिंपिक आलं की आकड्यांच्या गणितात बाहेर बसायचं.

७. श्रीजेश गेल्यावर पुढे कोण?

पॅरिसनंतर श्रीजेश निवृत्त झाला. हॉकी इंडियाने त्याची १६ नंबरची जर्सी सीनियर संघातून निवृत्त केली आणि तो ज्युनियर संघाचा प्रशिक्षक झाला. सीनियरमध्ये २०२५ मध्ये पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा यांना आलटून पालटून खेळवलं गेलं. २०२५ च्या आशिया चषकात हेच दोघे होते. १८ च्या संघात ही चैन परवडते. २०२८ ला पुन्हा एकावर बोट ठेवावं लागेल आणि ते आयत्या वेळी ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं. एकच गोलकीपर सलग खेळला की त्याचं आणि बचावपटूंचं बोलणं जुळतं. श्रीजेशचा आवाज टीव्हीवरसुद्धा ऐकू यायचा, आठवतंय ना?

८. ड्रॅग फ्लिकर किती हवेत? एक हरमनप्रीत पुरत नाही का?

नाही पुरत. पेनल्टी कॉर्नरवर समोर गोलकीपरसह फक्त पाच जण असतात. फटका थेट हिट केला तर तो गोलाच्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६० मिलिमीटरपेक्षा वर जाऊन चालत नाही. ड्रॅग फ्लिकला ते बंधन नाही, चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात पाठवता येतो. म्हणून फ्लिकरची किंमत सोन्याची. पण तो बाकावर असेल, दुखावलेला असेल किंवा समोरच्या रशरने (गोलातून सुटून फ्लिकरच्या अंगावर धावणाऱ्याने) त्याचा कोन ओळखला असेल, तर दुसरा लागतो. नुसता दुसरा आहे एवढं दिसलं तरी समोरच्या बचावाला अंदाज बांधणं जड जातं.

पॅरिसच्या १६ मध्ये हरमनप्रीतशिवाय फ्लिक येणारे अमित रोहिदास आणि संजय होते. दोघेही मुळात बचावपटू म्हणून निवडलेले. फ्लिक हेच मुख्य काम असलेला जुगराज राखीव राहिला. इतक्या लहान संघात एका कामासाठी एक अख्खी जागा देता येत नाही, हा हिशेब मला पटतो. टोचतो तो त्याचा परिणाम, आणि त्यासाठी प्रश्न १० पाहा.

९. आपण हरमनप्रीतवर फारच अवलंबून आहोत का?

हिशेब मांडू. पॅरिसला आठ सामन्यांत आपले १५ गोल झाले, शूटआउटचे सोडून. त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे. उरलेल्या पाचांत अभिषेकचे दोन आणि मनदीप, विवेक सागर प्रसाद, सुखजीत यांचा एकेक. पाच आघाडीवीर नेले आणि त्या पाचांचे मिळून गोल चार. स्पेनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात २-१ मधले दोन्ही गोल कर्णधाराचेच.

यावर लोक म्हणतात, कॉर्नर मिळवून देतात ते आघाडीवीरच ना? खरं आहे. डीमध्ये घुसून समोरच्याच्या पायाला चेंडू लावणं हीसुद्धा कला आहे आणि तिची नोंद गोलांच्या यादीत होत नाही. तरी १५ पैकी १० हा आकडा मला निरोगी वाटत नाही.

राजगीरला झालेल्या २०२५ च्या आशिया चषकात दोन्ही चेहरे दिसले. पहिल्या सामन्यात चीनला ४-३ हरवलं, चारही गोल कॉर्नरवर, त्यातले तीन हरमनप्रीतचे. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध ४-१, आणि त्यात सुखजीतचा एक आणि दिलप्रीतचे दोन असे तीन मैदानी गोल. चौथा रोहिदासने कॉर्नरवर मारला. हरमनप्रीतचं नाव गोलांच्या यादीत नाही आणि तरी अंतिम सामना आरामात जिंकला. मला हा दुसरा संघ जास्त आवडला.

१०. रोहिदासला लाल कार्ड मिळालं तर राखीव खेळाडू का नाही घेतला? जर्मनीविरुद्ध १५ जणच का होते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून नीट सांगतो.

४ ऑगस्ट २०२४, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. १७ व्या मिनिटाला रोहिदासची स्टिक विल कॅलननच्या तोंडाला लागली आणि व्हिडिओ बघून थेट लाल कार्ड दाखवलं गेलं. लाल कार्ड मिळालेला सामन्यातून कायमचा बाहेर आणि त्याच्या जागी मैदानावर दुसरा येत नाही. म्हणजे जवळपास ४३ मिनिटं आपण दहा जण. हरमनप्रीतने गोल केला, त्यांनी बरोबरी साधली, १-१ वर वेळ संपली आणि शूटआउट आपण ४-२ जिंकला.

नंतर रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. हॉकी इंडियाने दाद मागितली, पण बंदी उठली नाही. राखीव खेळाडू दुखापत किंवा आजारपणासाठी असतो, शिक्षेसाठी नसतो. नाहीतर संघांनी मुद्दाम कार्डं घेतली असती. म्हणून उपांत्य सामन्यात जर्मनीसमोर आपले १५.

आता खरा घाव. रोहिदास आपला पहिला रशर. समोरच्यांचा कॉर्नर असतो तेव्हा गोलातून सुटून थेट फ्लिकरच्या अंगावर धावणारा माणूस. हे काम करायला छाती लागते आणि ते सगळ्यांना येत नाही. जर्मनीने तो सामना ३-२ जिंकला. त्यांचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर गोन्झालो पेइयाचा, दुसरा पेनल्टी स्ट्रोकवर, आणि ५४ व्या मिनिटाला मार्को मिल्टकाऊने विजयी गोल मारला. रोहिदास असता तर जिंकलोच असतो असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या रशरच्या बदलीचा विचार १६ निवडताना पुरेसा झाला होता का, ही शंका माझ्या मनातून जात नाही. फ्लिकरच्या बदलीची चर्चा सगळे करतात, रशरची कुणीच करत नाही.

११. ते लाल कार्ड बरोबर होतं की अन्याय?

माझ्या मते पिवळं पुरेसं होतं. चेंडू नेताना स्टिक वर गेली, हेतू दिसला नाही. तालमीतल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल, पण तालमीतला माणूस आपल्याच बाजूचा असतो.

१२. हिरवं, पिवळं, लाल: कुठल्या कार्डाला किती वेळ?

हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पिवळं म्हणजे किमान पाच मिनिटं, अंपायर जास्तही देऊ शकतो. लाल म्हणजे कायमचा. तिन्हींत संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळतो. फुटबॉलच्या पिवळ्या कार्डाची सवय असलेल्यांची इथे गल्लत होते. हॉकीतलं हिरवंसुद्धा महागात पडतं, कारण पंधरा मिनिटांच्या एका क्वार्टरमधली दोन मिनिटं जातात. निवडीच्या वेळी एखाद्याची कार्डं बघितली जातात ती यामुळेच.

१३. टोकियोला राखीव खेळाडूने पदक मिळवून दिलं, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. कोविडमुळे टोकियोत नेहमीचा नियम सैल केला होता. १६ ऐवजी १८ जण नेता आले आणि दर सामन्याला त्यांतून १६ निवडायचे. वरुण कुमार आणि सिमरनजीत सिंग हे आपले वाढीव दोन. नेहमीचा नियम असता तर सिमरनजीत राखीवच राहिला असता. ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्ध आपण १-३ मागे होतो आणि सामना ५-४ जिंकला. त्यात पहिला गोल त्याचा आणि पाचवाही त्याचा.

यावरून 'राखीवांना संधी द्या' असा सरसकट निष्कर्ष लोक काढतात. मी एवढंच म्हणेन की सतराव्या आणि अठराव्या नावातला आणि पंधराव्यातला फरक आपण समजतो तेवढा मोठा नसतो.

१४. राखीव खेळाडू मधूनच आला आणि गडबड झाली असंही झालंय ना?

झालंय. २०२३ चा विश्वचषक भुवनेश्वर आणि राउरकेलात होता. इंग्लंडविरुद्धच्या ०-० सामन्यात हार्दिक सिंगचा स्नायू दुखावला आणि पुढे तो स्पर्धेतूनच बाहेर गेला. त्याच्या जागी राजकुमार पाल आला. वेल्सला ४-२ हरवलं, पण गोलफरकात इंग्लंड गटात वर राहिलं, म्हणून आपल्याला क्रॉसओव्हर (उपांत्यपूर्व फेरीत जायचा जादा) सामना खेळावा लागला. तिथे न्यूझीलंडशी ३-३ आणि शूटआउटमध्ये हार. घरच्या मैदानावर संयुक्त नववे. प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला.

दोष राजकुमारचा नव्हता. हार्दिकसारखा चेंडू पुढे नेणारा दुसरा माणूस मूळ १८ मध्येच नव्हता. राजकुमारचं पुढे काय झालं ते प्रश्न १५ मध्ये.

१५. शूटआउटला कोण जाणार हे आधी ठरलेलं असतं का?

सराव पाचापेक्षा जास्त जणांकडून करून घेतलेला असतो, अंतिम नावं त्या दिवशी ठरतात. २३ मीटरच्या रेषेवरून निघायचं, आठ सेकंदांत गोलकीपरला चकवायचं. इथे फ्लिकरची ताकद कामाची नाही, हात आणि डोकं थंड लागतं. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध हरमनप्रीत, सुखजीत, ललित उपाध्याय आणि राजकुमार पाल यांनी गोल केले. विजयी गोल राजकुमारचा. दीड वर्षापूर्वी जो विश्वचषकात बदली म्हणून आला होता, तोच.

१६. जुगराजला पॅरिसला न नेणं चूक होती का?

प्रश्न ८ मधला हिशेब मान्य केला तर नाही. पण पॅरिस संपून महिना-दीड महिना होतो न होतो तोच चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात चीनला १-० हरवलं आणि तो एकमेव गोल जुगराजचा होता. गंमत म्हणजे तो कॉर्नरवर नव्हता. हरमनप्रीतने चेंडू दिला आणि जुगराजने मैदानी गोल मारला. 'फक्त फ्लिकर' हा शिक्का त्याने स्वतःच पुसला.

१७. प्रो लीगमध्ये (देशोदेशींच्या संघांच्या वार्षिक स्पर्धेत) सलग सात सामने हरलो आणि लगेच आशिया चषक जिंकलो. हे कसं काय?

समोर कोण होतं ते बघा. जून २०२५ मध्ये युरोपात नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम. सात हरल्यावर शेवटी बेल्जियमला ४-३ हरवलं आणि नऊ संघांत आठवे आलो, स्पर्धेतून खाली घसरता घसरता वाचलो. त्या दौऱ्यात हरमनप्रीत दुखापतीमुळे काही सामने नव्हता. आशिया चषकात समोर चीन, जपान, कोरिया, मलेशिया.

प्रो लीग ही प्रयोगशाळा आहे असं प्रशिक्षक सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण प्रयोगात सात वेळा तसाच निकाल आला तर त्यातून काही शिकायलाही हवं. बरेचसे सामने एका गोलाने गेले. शेवटच्या क्वार्टरमध्ये दमलेला बचाव, ही आपली जुनी दुखरी नस. आशिया चषकाने आपल्याला थेट २०२६ च्या विश्वचषकात नेलं. तिथे परत तेच युरोपातले संघ भेटणार आहेत.

१८. संघात महाराष्ट्राचं कोण आहे? आणि आपल्या भागातलं?

पुरुषांत करकेरा. त्याआधी खडकीचा धनराज पिल्ले, वीरेन रास्किन्हा, युवराज वाल्मीकी अशी नावं होऊन गेली. धनराजच्या बाबतीत निवडीचा कडवट किस्सा जुन्या लोकांना आठवत असेल. १९९८ ला बँकॉक एशियाडचं सुवर्ण त्याच्या नेतृत्वाखाली आलं आणि त्यानंतर त्याच्यासह काही सीनियरना संघाबाहेर ठेवलं गेलं.

आपल्या जवळचं म्हणाल तर महिला संघाकडे बघा. सातारा जिल्ह्यातल्या फलटण भागातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या. वैष्णवी आणि ऋतुजा पिसाळ २०२५ च्या आशिया चषकात रौप्य जिंकणाऱ्या संघात होत्या. म्हणजे कोल्हापुरातून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येईल अशा गावांतून राष्ट्रीय संघ घडतोय आणि आपण रात्रभर मँचेस्टरच्या संघांवर वाद घालतोय.

महाराष्ट्राचा म्हणून कुणाला घ्यावं, हे मात्र मला मान्य नाही. असे निरोप येतात, त्यांना हेच उत्तर.

१९. कोल्हापूरचा खेळाडू भारताच्या हॉकी संघात का दिसत नाही?

शहरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे, खेळणारी पोरं-पोरीही आहेत. तरी दरी मोठी आहे. आंतरराष्ट्रीय हॉकी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फवर गेली, आणि मातीवर शिकलेल्या हाताला टर्फवरचा वेग पकडायला वर्षं लागतात. पंजाब, ओडिशात दहा-बारा वर्षांचं पोर टर्फवर धावतं. आपल्याकडे त्या वयात चपळ असलेलं पोर फुटबॉलकडे ओढलं जातं, कारण पेठेत मान तिथे आहे. स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हा गावोगावच्या पालकांनी रायफल रेंजची चौकशी सुरू केली. बरोबर सात दिवसांनी हॉकीचं कांस्य आलं, पण स्टिक कुठे मिळते असं मला फारसं कुणी विचारलं नाही.

२०. २०२६ मध्ये विश्वचषक आणि एशियाड लागोपाठ आहेत. दोन वेगळे संघ करावेत का?

विश्वचषक १५ ते ३० ऑगस्ट, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये. एशियाड १९ सप्टेंबरपासून जपानच्या आयची-नागोयात. मध्ये तीन आठवडेही नाहीत. विश्वचषक आपण १९७५ नंतर जिंकलेला नाही, म्हणून भावना तिकडे आहे. पण एशियाडचं सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिस २०२८ चं थेट तिकीट. ते हुकलं की काय होतं ते आपण पाहिलंय. २०१८ ला जकार्तात मलेशियाकडून शूटआउटमध्ये हरलो आणि टोकियोसाठी २०१९ मध्ये रशियाशी पात्रता सामने खेळत बसावं लागलं. याउलट हांगझूमध्ये जपानला ५-१ हरवलं आणि पॅरिस तिथेच पक्कं झालं.

पूर्ण वेगळे दोन संघ करण्याइतकी खोली आपल्याकडे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये श्रीजेशच्या ज्युनियर पोरांनी अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ वरून ४-२ असं विश्वचषकाचं कांस्य खेचून आणलं, ते आशादायक आहे. पण अख्खा एशियाड त्यांच्यावर सोडणं धाडसाचं होईल.

मी असतो तर बारा-तेरा जण दोन्हीकडे समान ठेवले असते आणि बाकी पाच-सहा बदलले असते. बदल आघाडीच्या फळीत आणि एका बचावपटूच्या जागी, कारण पळून दमतात ते तिथे. गोलकीपर विश्वचषकात एक मुख्य, एशियाडच्या गटातल्या सोप्या सामन्यांत दुसरा. हरमनप्रीतला त्या गटातल्या एक-दोन सामन्यांत सरळ बाकावर बसवावं आणि कॉर्नर जुगराजकडे द्यावेत. पहिल्या रशरसाठी मात्र दोन नावं आधीच ठरवून ठेवावीत आणि दोघांनाही दोन्ही स्पर्धांना न्यावं.